मुद्दल आणि व्याज : हैदराबादच्या खडकांचा जमाखर्च



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांला भूगोल शिकवीत. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीआधी, ते आमचा वर्ग शहराच्या पश्चिमेकडील एका खडकाळ टेकडीवर नेत. डब्यातील पोळी-भाजी खाऊन झाली की ते खिशातून एक भिंग काढीत, ताज्या फुटलेल्या दगडावर धरीत आणि विचारीत, "काय दिसते?" आम्ही सांगत असू : गुलाबी ठिपके, काचेसारखे दाणे, काळे चकचकीत कण. मग ते म्हणत, "नीट पाहून घ्या. ह्याहून जुनी वस्तू तुमच्या हाती सहसा येणार नाही."

पुढे मी स्थापत्य अभियंता झालो. त्या टेकडीशी माझी पुन्हा भेट झाली ती सुमारे वीस वर्षांनी, आणि तेव्हा माझ्या हाती भिंग नव्हते, मोजमाप-पुस्तक होते. कचेरीच्या भाषेत ज्याला 'एम. बी.' म्हणतात ते. एका रस्त्यासाठी तेथून दगड निघत होता. किती निघाला ते तपासून सही करणे हे माझे काम. लांबी, रुंदी, खोली, घनमीटर, दर, रक्कम असे रकाने मी भरले. बेरीज पडताळून पाहिली आणि सही केली. आज तेथे टेकडी नाही.

त्या नोंदीत चूक नव्हती, हे मी अभिमानाने सांगू शकतो. परंतु ती अपुरी होती, हे कळण्यास मला पुष्कळ वर्षे लागली. भूमीच्या पोटातून आपण जे काढतो त्याची किंमत आपण काढण्याच्या खर्चावरून ठरवितो. ते जागेवर असताना काय काम करीत होते, आणि गेल्यावर कोणाचे काय गेले, ह्यासाठी पुस्तकात रकानाच नसतो. आज त्या न लिहिलेल्या रकान्यांविषयी बोलण्याचा विचार आहे. उदाहरण दूरचे घेत नाही. आपल्या पायाखालचे, हैदराबादच्या ग्रॅनाइटचेच घेतो.

खडक घडला कसा

हैदराबादेस प्रथमच येणाऱ्या पाहुण्यास चारमिनारच्याही आधी दगड दिसतात. घराएवढ्या शिळा एकमेकींच्या अंगावर रेललेल्या, एखादी टोकावर तोल सावरून उभी, एखादी दोन शिळांच्या मध्ये अडकलेली. कोणी तरी आणून रचल्या असाव्यात असे वाटते. वस्तुतः त्या आणलेल्या नाहीत. त्या जेथे घडल्या तेथेच आहेत. त्यांच्या भोवतालचे सारे निघून गेले आहे.

सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी येथे जमिनीखाली काही किलोमीटर खोलीवर तप्त शिलारस साठला आणि अत्यंत सावकाश निवाला. निवण्यास भरपूर वेळ मिळाल्यामुळे त्यातील खनिजांचे दाणे मोठे झाले. गुरुजींच्या भिंगातून दिसत ते हेच दाणे : गुलाबी ते फेल्स्पार, काचेसारखी ती गारगोटी, काळे ते अभ्रक. पुढे युगानुयुगे वरचे थर झिजून वाहून गेले. डोक्यावरचे ओझे उतरताच खडक किंचित सैलावला आणि त्याला आडव्या-उभ्या भेगा पडल्या. भेगांतून पावसाचे पाणी शिरले. फेल्स्पारची हळूहळू माती होऊ लागली. चौकोनी ठोकळ्याचा कोपरा तिन्ही बाजूंनी झिजतो, म्हणून कोपरे आधी गेले आणि ठोकळ्याचा गोटा झाला. मधला कुजका मुरूम पावसाने धुऊन नेला. गोटे जागच्या जागी एकमेकांवर टेकून राहिले.

आपणांपैकी अनेकांची मूळ गावे महाराष्ट्रात आहेत. तेथला काळा पाषाण, ज्यात वेरूळचे कैलास लेणे कोरले आहे, तो ज्वालामुखीच्या लाव्हारसाचा. त्याचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. येथून पश्चिमेस विकाराबादकडे जाताना त्या पाषाणाचा प्रदेश सुरू होतो. आपल्या ग्रॅनाइटचे वय त्याच्या जवळजवळ अडतीसपट आहे.

हे आकडे कौतुकासाठी सांगितले नाहीत. तोडलेले झाड पुन्हा लावता येते, नदी पुराबरोबर नवी वाळू आणते. ग्रॅनाइटची फोडलेली टेकडी मात्र कोणत्याही मानवी हिशेबात पुन्हा उभी राहत नाही. सावकारी भाषेत बोलायचे तर ती मुद्दल आहे.

दगडाने आपल्याला काय दिले

मुद्दल म्हणजे हात लावू नये अशी वस्तू, असे माझे म्हणणे नाही. दगडावाचून हे शहर झालेच नसते. गोवळकोंड्याचे नावच तेलुगूतील 'गोल्ला कोंडा', म्हणजे धनगरांची टेकडी, ह्यावरून आले असे सांगतात. तो किल्ला पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. बांधणाऱ्यांनी अनेक ठिकाणी शिळा फोडल्या नाहीत. दोन शिळांमधली फट भिंतीने बुजविली आणि शिळेलाच तट केले. खडकाचा हा सर्वांत काटकसरीचा उपयोग होय.

१५९१ साली चारमिनार उभा राहिला तो ग्रॅनाइट आणि चुन्याच्या जोरावर. मक्का मशिदीचे काम सतराव्या शतकाच्या आरंभी सुरू झाले आणि १६९४ मध्ये संपले. टॅव्हर्निए ह्या फ्रेंच जवाहिऱ्याने ते काम चालू असताना पाहिले होते. तो लिहितो की, प्रार्थनेच्या कोनाड्यासाठी लागणारी एकसंध शिळा खाणीतून काढण्यास पाच वर्षे लागली, पाच-सहाशे माणसे सतत त्या कामावर होती आणि ती ओढून आणण्यास चौदाशे बैल लागल्याचे त्याला सांगण्यात आले. ह्यात अतिशयोक्ती असेल. तथापि, एक दगड काढणे हे केवढे काम होते आणि म्हणून तो किती जपून काढला जाई, ह्याची कल्पना त्यावरून येते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मीर आलम तलावाचे धरण बांधले गेले. दगडी बांधकामाच्या एकवीस अर्धवर्तुळाकार कमानी एकमेकींना खांदा देऊन पाणी अडवितात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने मुद्दाम जाऊन पाहावे असे ते काम आहे. १९३९ साली उस्मानिया विद्यापीठाच्या कला महाविद्यालयाची ग्रॅनाइटची भव्य वास्तू पूर्ण झाली. ही झाली मोठी नावे. घरात पाहिले तर आपल्या आज्यांचा पाटा-वरवंटा दगडाचा, जाते दगडाचे, आणि पायाखाली शहाबादी फरशी. ती ग्रॅनाइट नसून चुनखडीचा दगड आहे, आणि शहाबाद व तांडूर ही दोन्ही गावे जुन्या हैदराबाद संस्थानातलीच.

एका वर्गाचे छत

मग बदलले काय? दगड काढण्याचे प्रमाण, आणि ज्यासाठी तो काढतो तो हेतू. चिरा घडविणारा पाथरवट दगडाला दगड म्हणून वापरीत असे. आज आपण जो दगड काढतो त्याचा फार मोठा भाग फोडून, भरडून, काँक्रीटमध्ये मिसळून दिसेनासा होतो.

एक साधे गणित करू. आठ मीटर लांब आणि सहा मीटर रुंद असा एक वर्ग घ्या. त्याचे छत साडेबारा सेंटिमीटर जाडीचे धरले तर सहा घनमीटर काँक्रीट लागते. एका घनमीटर काँक्रीटमध्ये खडी आणि वाळू मिळून साधारण १,८७५ किलोग्रॅम असते. म्हणजे एका वर्गाच्या नुसत्या छतात सव्वाअकरा टन खडी-वाळू आहे. आता दोन मीटर व्यासाची, म्हणजे उंच माणसाच्याही डोक्यावर जाणारी एक गोल ग्रॅनाइटची शिळा घ्या. तिचे वजन सुमारे अकरा टन भरते. प्रत्येक वर्गाच्या डोक्यावर अशी एक शिळा आहे. खांब, तुळया, जिने आणि पाया ह्यांचा हिशेब वेगळाच. आपण ज्या सभागृहात बसलो आहोत तेही ह्याला अपवाद नाही.

आता ह्या हिशेबाला शहराने गुणा. १९९८ मध्ये माधापूरला सायबर टॉवर्स उभे राहिले आणि त्यानंतर पश्चिमेकडील खडकाळ माळ काही दशकांत वस्तीखाली गेला. शहराभोवती १५८ किलोमीटर लांबीचा बाह्य वळणरस्ता झाला. २०१७ मध्ये मेट्रो धावू लागली. ह्यांतील एकही गोष्ट निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. त्यावरून आपण सारेच ये-जा करतो.

हे केवळ हैदराबादेचे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात दर वर्षी सुमारे पन्नास अब्ज टन वाळू, गोटे आणि खडी वापरली जाते. पाण्याच्या खालोखाल माणूस सर्वाधिक वापरतो तो हाच पदार्थ. सर्व प्रकारची साधनसंपत्ती मिळून १९७० साली जगाने सुमारे तीस अब्ज टन द्रव्य भूमीतून व भूमीवरून घेतले होते. आता तो आकडा शंभर अब्ज टनांच्या पुढे गेला आहे.

नद्यांची वाळू ओरबाडली जाऊ नये म्हणून अलीकडे दगड भरडून केलेली कृत्रिम वाळू वापरतात. नदीच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु नदीच्या नावावरचे कर्ज आपण टेकडीच्या नावावर वळविले, हेही त्याच वेळी लिहून ठेवले पाहिजे.

उभ्या खडकाचे काम

आता पहिला न लिहिलेला रकाना. दगड जागेवर असताना काय करतो? वरवर पाहता काहीच नाही. नापीक, ओबडधोबड, 'पडीक' जमीन असा त्याचा महसुली दाखला. वस्तुतः तो पाणी वाटण्याचे काम करतो.

अखंड ग्रॅनाइट स्वतः पाणी शोषीत नाही. पाऊस त्याच्या अंगावरून घसरतो आणि शिळांच्या पायथ्याशी, भेगांत, मुरमात उतरतो. मुरमाचा थर स्पंजासारखा पाणी धरतो. त्याखालच्या फुटक्या खडकाच्या भेगांतून ते हळूहळू सरकते आणि उतारावरच्या विहिरीत वा तलावात पाझरते. हैदराबादेत वर्षाला सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्या हिशेबाने एक हेक्टर खडकाळ माळावर वर्षाकाठी ऐंशी लाख लिटर पाणी पडते. त्यातील सारे मुरते असे नाही. काही वाफ होते, काही ओढ्याने जाते. तथापि, त्या पाण्याला थोपवून, वळवून, वेळ देऊन खाली सोडणारी रचना म्हणजे तो माळ होय.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. १५६२ च्या सुमारास हुसेन सागर बांधला गेला. त्याशिवाय ह्या परिसरात शेकडो लहानमोठे तलाव होते. एकाचा सांडवा दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात, अशी त्यांची साखळी असे. येथल्या गावांची आणि वस्त्यांची नावे पाहा. 'गुट्टा' म्हणजे टेकडी, 'चेरुवु' म्हणजे तलाव, 'कुंटा' म्हणजे तळे. गुट्टल बेगमपेट म्हणजे टेकड्यांचे बेगमपेट. दुर्गम चेरुवु तर शिळांच्या कुशीतच आहे. टेकडी आणि तलाव ही दोन नावे शेजारी-शेजारी यावीत हा योगायोग नव्हे. टेकडी हे पागोळी गळणारे छप्पर आणि तलाव ही खाली ठेवलेली घागर. छप्पर काढले तर घागर कशाने भरणार? मासाब टँक हे नाव जुन्या 'माँ साहेबा तालाबा'चे. आता बसच्या पाटीवर तलाव आहे, जमिनीवर नाही.

टेकडी सपाट झाली, ओढे बुजले आणि वर काँक्रीट पडले की पाण्याला मुरण्यास जागा आणि वेळ दोन्ही उरत नाहीत. मग उन्हाळ्यात कूपनलिका कोरड्या पडतात आणि पावसाळ्यात तेच पाणी घरात शिरते. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत येथील तलाव फुटून वस्त्या पाण्याखाली गेल्या. तो अनुभव श्रोत्यांपैकी अनेकांच्या घरचा आहे. त्या पुराचे सारे खापर खाणींवर फोडणे अन्यायाचे होईल. ओढ्या-तलावांत झालेली बांधकामे हे त्याचे मोठे कारण. परंतु टेकडी फोडणे आणि तलाव बुजविणे ही एकाच हिशेबाची दोन पाने आहेत.

पाण्याखेरीज आणखी कितीतरी जीव ह्या खडकांच्या आश्रयाने असतात. भेगेतल्या मूठभर मातीत सीताफळ रुजते. कपारीत घुबड राहते. तापलेल्या शिळेवर सरडा ऊन खात बसतो. हे सारे उभ्या खडकाचे व्याज. ते दर वर्षी, न मागता, मिळत असते. म्हणूनच ते आपल्या नजरेत भरत नाही.

खड्डा, धूळ आणि माणसे

दुसरा रकाना खाणीच्या परिसराचा. खडकाला यंत्राने भोके पाडतात, त्यांत दारू भरून सुरुंग उडवितात, मोठे तुकडे क्रशरमध्ये भरडून चाळण्यांतून निरनिराळ्या मापाची खडी काढतात. शोभेच्या ग्रॅनाइटची पद्धत वेगळी. करीमनगरकडील तपकिरी ग्रॅनाइट परदेशांतही जातो. तेथे सुरुंगाने दगड तडकू नये म्हणून हिऱ्याच्या कणांचे मणी ओवलेल्या तारेने ठोकळे कापतात. मात्र रंग वा रेषा नापसंत ठरलेल्या दगडांचे ढीग खाणीच्या तोंडाशीच पडून राहतात.

सुरुंगाच्या हादऱ्याने शेजारच्या गावातील भिंतींना तडे जातात. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की तळाशी पाणी साचू लागते. काम चालावे म्हणून ते पंपाने उपसून टाकतात. त्याबरोबर आसपासच्या विहिरींचे पाणीही खाणीकडे ओढले जाते. शेतकऱ्याची विहीर आटते, परंतु त्याचे नाव कोणत्याही देयकात येत नाही. खाण बंद झाली की खड्डा उघडाच राहतो. पावसाळ्यात तो भरतो, कडा उभ्या असतात, आणि पोहण्यास गेलेली मुले बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. कोठे कोठे तो शहराच्या कचऱ्याने भरला जातो आणि मग कचऱ्यातले घाण पाणी भेगांवाटे भूजलात उतरते.

सर्वांत जड नोंद माणसांची आहे. ग्रॅनाइटमध्ये गारगोटीचा अंश मोठा असतो. तिची डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ श्वासाबरोबर फुप्फुसाच्या टोकापर्यंत जाते आणि तेथेच राहते. तिच्याभोवती जखमेच्या वणासारखे कठीण जाळे तयार होते आणि फुप्फुस आकसत जाते. हाच सिलिकोसिस. धूळ थांबली तरी पुष्कळदा रोग थांबत नाही आणि झालेली हानी भरून काढणारे औषध नाही. त्यात क्षयाची बाधा होण्याचा धोकाही वाढतो. उपाय एकच, धूळ उडू न देणे. भोक पाडताना पाण्याची धार, क्रशरवर झाकण आणि पाण्याचा फवारा, कामगारांची ठरावीक काळाने छातीची तपासणी. हे सारे माहीत आहे आणि फारसे महागही नाही. परंतु रोजंदारीवरच्या, आज येथे तर उद्या तेथे असणाऱ्या माणसासाठी ते करायचे कोणी, असा प्रश्न पडतो आणि तेथेच तो राहतो.

ही माणसे आपल्याला परकी नाहीत. महाराष्ट्रात 'वडार' म्हणून ओळखला जाणारा समाज पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडीत आला. त्यांच्या घरची बोली तेलुगूच्या वळणाची आहे. इकडे त्यांना वड्डेरा म्हणतात. किल्ल्यांचे तट, रस्ते, रेल्वेचे पूल ह्यांच्या श्रमावर उभे आहेत. पाट्याला टाकी लावण्यासाठी दारावर येणारी बाई ह्या श्रमिकांपैकीच. खाणीच्या मागे फिरणाऱ्या ह्या कुटुंबांच्या मुलांची शाळा तुटते. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत 'संतुलन' ह्या संस्थेने अशा मुलांसाठी 'पाषाणशाळा' चालविल्या. एका शाळेच्या व्यासपीठावरून बोलताना त्यांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही.

मी माझे मोजमाप-पुस्तक भरीत असताना त्या टेकडीखाली माणसे काम करीत होती. त्यांच्या तोंडावर बांधलेले फडके मी रोज पाहत होतो. ते फडके पुरेसे आहे का, असा प्रश्न मला सुचला नाही. ही माझी चूक, आणि ती कबूल करण्यास ह्याहून योग्य जागा मला मिळणार नाही.

मुद्दल खर्चून श्रीमंती

ज्या नावाने जग आजही हिऱ्यांना ओळखते ते गोवळकोंडा हे खाणीचे नव्हे, बाजारपेठेचे नाव होते. खाणी दूर होत्या. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध कोल्लूर, कृष्णेच्या काठी. टॅव्हर्निएच्या सांगण्याप्रमाणे तेथे पुरुष, बायका आणि मुले मिळून साठ हजारांच्या जवळपास माणसे काम करीत होती. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाचा जवळजवळ सारा हिरा हिंदुस्थानातून जाई. हिरे कोठकोठल्या मुकुटांत गेले हे आपण जाणतो. कोल्लूर मात्र पुलिचिंतला धरणाच्या पाण्याखाली गेले. साठ हजार माणसांच्या वंशजांना त्या हिऱ्यांतून काय मिळाले, ह्याची नोंद नाही.

कोळशाची गोष्ट त्यामानाने अलीकडची. १८७१ साली भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे डॉ. विल्यम किंग ह्यांना येल्लंदूजवळ कोळसा आढळला. १८८९ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि १९२० साली सिंगरेणी कॉलियरीज कंपनीची नोंदणी झाली. आपल्या घरातील दिव्याचा मोठा भाग आजही त्या कोळशावर जळतो. आज तेथील बहुतांश कोळसा उघड्या खाणींतून निघतो, म्हणजे वरची माती, झाडे आणि खडक आधी दूर करावे लागतात. उपयोग खरा आहे आणि खर्चही खरा आहे.

दोन्ही उदाहरणांतून एकच गोष्ट मनावर ठसते. जमिनीतून काढलेल्या वस्तूच्या विक्रीस आपण 'उत्पन्न' म्हणतो. ज्याने वडिलोपार्जित शेत विकून दिवाळी साजरी केली त्याला आपण श्रीमंत म्हणत नाही. शासनाला आणि समाजाला मात्र हाच नियम लावण्यास आपण विसरतो. गोव्यातील लोहखनिजाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ रोजी जो निकाल दिला, त्यात विक्रीच्या रकमेचा दहा टक्के भाग पुढील पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवण्यास सांगितले. खनिज हे मुद्दल आहे, हा विचार त्यामागे आहे.

दगड, मुरूम आणि वाळू ह्यांना कायदा 'गौण खनिज' म्हणतो. १९५७ च्या खाण व खनिज कायद्याने त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांकडे दिला आहे. गौण म्हणजे क्षुल्लक, अशी समजूत दीर्घ काळ चालली. लहान खाणींना पर्यावरणविषयक पूर्वमंजुरीची गरजच नव्हती. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातील एका प्रकरणात ती पाच हेक्टरांहून लहान खाणींनाही आवश्यक ठरविली. लहान खाणी शेजारी-शेजारी असल्या की त्यांचा परिणाम लहान राहत नाही, हे साधे सत्य कायद्यात येण्यास इतका काळ लागला.

हैदराबादेत ह्याआधीच एक वेगळा प्रयत्न झाला होता. १९९० नंतरच्या दशकात 'सोसायटी टु सेव्ह रॉक्स' ही संस्था स्थापन झाली. इतिहासलेखक आणि माजी सनदी अधिकारी नरेंद्र लूथर त्यात अग्रभागी होते. शहराच्या नियमावलीतील तेराव्या कलमाखाली जुन्या वास्तूंबरोबर काही शिळासमूहांनाही वारसा म्हणून संरक्षण मिळाले. डिसेंबर २०१५ मध्ये ते कलम रद्द करण्यात आले. अडीचशे कोटी वर्षांच्या खडकाला मिळालेले संरक्षण दोन-तीन दशकेही टिकले नाही.

काय करता येईल

दगड काढणे बंद करा, असे मी सांगणार नाही. घरांची गरज असलेला माणूस येथे दररोज येत आहे. मी सुचवितो ते हिशेब पुरा करण्याविषयी.

पहिली गोष्ट, जो दगड एकदा काढला तो पुन्हा वापरणे. जुनी इमारत पाडली की तिचा मलबा पुष्कळदा एखाद्या तलावाच्या काठी जाऊन पडतो. तो वेगळा करून भरडला तर रस्त्याच्या भरावासाठी, फरसबंदीच्या ठोकळ्यांसाठी वापरता येतो. त्यासाठी देशात २०१६ मध्ये नियम झाले आणि हैदराबादेत जीडीमेटला येथे २०२० साली असे केंद्र सुरू झाले. मलबा तेथे पोहोचविणे हे मात्र बांधणाऱ्याचे आणि पाडणाऱ्याचे काम.

दुसरी गोष्ट, कोठला दगड काढायचा ह्याची निवड. पाण्याच्या वाटेवरची टेकडी आणि वाटेबाहेरचा खडक ह्यांना एकच दर लावणे म्हणजे धान्याचे बी आणि भूस एका भावाने विकणे होय. खाण देण्यापूर्वी आसपासच्या विहिरींची पातळी मोजून लिहून ठेवली, तर पुढे भांडण्याऐवजी पुरावा हाती राहील.

तिसरी गोष्ट, खाण उघडतानाच ती मिटविण्याची तरतूद. कडा उताराच्या करणे, कुंपण घालणे, आणि जेथे योग्य असेल तेथे खड्ड्याचे जलाशयात रूपांतर करणे. त्याचा पैसा पहिल्या गाडीबरोबरच बाजूला निघाला पाहिजे. शेवटची गाडी गेल्यावर तो कोणी देत नाही.

चौथी गोष्ट घर बांधणाऱ्या माजी विद्यार्थ्यांसाठी. भूखंडात शिळा निघाली तर सुरुंगाआधी एकदा नकाशा उलटसुलट करून पाहा. गोवळकोंड्याच्या बांधकाऱ्यांनी जे केले ते आपल्यालाही साधेल. शिळेला अंगणात ठेवून बांधलेली घरे ह्या शहरात आहेत, आणि ती पाहण्यासारखी आहेत.

शेवटची गोष्ट विद्यालयासाठी. येथील मुलांनी आपल्या घरापासून चालत जाता येईल अशा प्रत्येक शिळासमूहाची एक नोंदवही करावी. कोठे आहे, केवढा आहे, पायथ्याशी पाणी कोठे साचते, कोणती झाडे आहेत, जवळच्या विहिरीत उन्हाळ्यात पाणी किती राहते. दर वर्षी नव्या वर्गाने तीच नोंद पुन्हा करावी. ह्याला खर्च वहीचा आणि एका भिंगाचा. काही वर्षांनी कोणी अभियंता मोजमाप-पुस्तक घेऊन त्या टेकडीपाशी आला, तर त्याला दाखविण्यास दुसरे पुस्तक तयार असेल.

गुरुजींच्या टेकडीची अशी नोंद आमच्याजवळ नाही. माझ्याजवळ त्या टेकडीचा मुठीएवढा एक तुकडा आहे. शाळकरी वयात खिशात घालून आणलेला, कडा अजून तशाच धारदार. तो मी आज विद्यालयाच्या भूगोलाच्या कपाटासाठी देत आहे. मुलांनी भिंग धरून तो पाहावा, आणि ज्या टेकड्या अजून उभ्या आहेत त्यांच्याकडे जाऊन तिथला दगडही पाहावा, एवढीच विनंती करतो आणि आपला निरोप घेतो.